थोरल्याची साल

माघ सरत आला होता. ओढ्याकाठच्या थोरल्याची पानं झडून गेली होती आणि नवी पालवी फुटायला अजून पंधरा दिवस तरी होते. साल काढायची ती याच दिवसांत. लडकू झुंजूमुंजू होताना उठला, चूळ भरली, चहाचा घोटही न घेता कोयता फडक्यात गुंडाळून काखोटीला मारला आणि वाटेला लागला. मागून त्याची मुलगी हेमाली चालली होती. पायांत कॉलेजातले बूट, हातात कागदी पिशव्या.

अकलोलीच्या अलीकडे डांबरी सोडून आत गेलं की वीस-बावीस घरांचा त्यांचा पाडा लागतो. लडकू भिवंडीच्या वाटेवरच्या एका गोडावूनमध्ये हमाली करायचा. पण आसपासच्या गावांत त्याला हमाल म्हणून कोणी ओळखत नव्हतं. कोणाची जखम भरेना, कोणाचं तोंड आलं, कोणाच्या पायाला चिघळतं क्षत पडलं की पडघ्यापासून माणसं ‘सालवाल्याचं घर कुटं’ असं विचारत यायची. तो साल द्यायचा आणि एक नारळ घ्यायचा. बापाकडून आलं होतं ते, आणि बापाला त्याच्या बापाकडून. झाडाचं खरं नाव मात्र घरात कोणी घेत नसे. नाव घेतलं की गुण जातो. म्हणून सगळे त्याला थोरला म्हणत.

थोरल्याजवळ पोचल्यावर लडकूनं चपला काढल्या. सूर्य वर आला की आपली सावली बुंध्यावर पडते, ती पडू द्यायची नाही, म्हणून एवढी घाई. हात जोडून तो ओठातल्या ओठात काही पुटपुटला. मग उगवतीच्या अंगाला तळहाताएवढी रुंद आणि हातभर लांब अशी पट्टी त्यानं कोयत्याच्या टोकानं आखली, कडेनं पातं सरकवलं आणि साल अलगद उचलली. आतून ओली, लालसर. तिचा तुरट वास हेमालीच्या नाकात गेला आणि तिला एकदम लहानपण आठवलं.

“अजून काढ ना बाबा. गोल सगळीकडनं काढली तर केवढी मिळेल.”

लडकूनं आधी शेण आणि चिकणमाती कालवून झाडाच्या उघड्या अंगावर लिंपली. ते होईतो बोलायचं नसतं. हात धुतल्यावर म्हणाला, “फेर घेतला का झाड मरता. तुमच्या कालेजात ह्ये शिकवत न्हाय काय?”

हेमाली हसली. भिवंडीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती ती, तिथंच हॉस्टेलवर राहायची आणि सुट्टीपुरती घरी यायची. प्रोजेक्टसाठी विनिता मॅडमनी सांगितलं होतं, घरच्या माहितीतलं औषधी झाड घे. साल वाळवायची, कुटायची, रसायनात भिजवून तिचा अर्क काढायचा. मग दोन गोष्टी बघायच्या. शरीर आतून गंजतं म्हणतात, ते गंजणं हा अर्क थोपवतो का. आणि कॅन्सरच्या पेशी त्यानं मरतात का. हा दुसरा शब्द घरात मोठ्यानं उच्चारत नसत. कारण दिवाळीपासून हेमालीच्या आईच्या, तुळजाच्या, गालात आतून गाठ होती. जन्मभर मिश्री लावली होती बाईनं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सहा डोस सांगितले होते, तीन-तीन आठवड्यांनी एक. गाठ आटली की मग कापायची. पहिला डोस झाला होता.

“मॅडमना झाडाचं नाव लागतं, बाबा.”

“पालवी आली का पाला ने. फुला येतील तवा फुला ने. त्यांना वलखू दे. माज्या तोंडातना न्हाय.”

“मग खोटंच सांगते एखादं.”

हे ती गमतीनं बोलली, पण लडकू वाटेतच थांबला. “हेमे,” तो म्हणाला, “मस्करीत बी न्हाय.”

ती जीभ चावून गप्प झाली. सात वर्षांची असताना तिनं एकदा विचारलं होतं, बाबा, तुझ्या हाताला गुण कशानं? तेव्हा त्यानं कोयता तिच्या पुढ्यात ठेवून सांगितलं होतं, दवा देनारा दव्याच्या बाबतीत एक शब्द खोटा बोलला का त्याचा हात गेला. दुसऱ्या कशानं जात न्हाय, म्हातारपनानं बी न्हाय. त्याच्याचनं जातो. त्यानंतर कितीतरी दिवस ती पोर कोयत्याच्या आसपास फिरतानासुद्धा खोटं बोलायला भ्यायची.

होळीनंतर तिनं बापाला कॉलेज दाखवायला बोलावलं. लडकू धुवट लेंगा-सदरा घालून, आणखी थोडी वाळकी साल रुमालात बांधून निघाला. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षातून उतरला तर लूमचा खडखडाट, हॉर्न, धूर, आणि पलीकडे जायला वाट नाही. कॉलेजच्या फाटकावर वॉचमननं पिशवी उघडायला लावली. आत कोयता. सवयच ती, साल आणि कोयता बरोबरच ठेवायची. “चाचा, ये लेके किधर?” वॉचमन ओरडला आणि चार पोरं वळून बघायला लागली. लडकूनं कोयता तिथंच ठेवला. परत मिळेल ना, हे दोनदा विचारलं.

प्रयोगशाळेत विनिता मॅडमनी त्याला खुर्ची दिली. तो काठावर बसला. हेमालीनं पांढरा कोट घातला होता आणि त्याला क्षणभर ती आपली वाटेना. तिनं काचेच्या नळीत जांभळं पाणी घेतलं, करवंदासारखं गडद. त्यात सालीच्या अर्काचे थेंब सोडले आणि नळी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

“बघत राहा हं बाबा.”

जांभळा रंग फिका झाला, आणखी फिका, आणि बघता बघता पाणी पिवळं पडलं.

“पिवळं झालं म्हणजे साल लागू पडली. जेवढं पिवळं, तेवढा जोर. सगळ्या सालींमध्ये आपली पहिली आलीये.”

लडकू नळीकडे बघत राहिला. साठ वर्षांच्या आयुष्यात किती डॉक्टरांनी त्याला हिडीसफिडीस केलं होतं, कितींनी ‘ओ वैदूबुवा, पेशंट मारू नका’ म्हणून हाकललं होतं. आणि इथं, काचेच्या नळीत, त्याच्या बापाचा शब्द खरा झाला होता. त्यानं मॅडमना विचारलं, “मानसाच्या पोटात बी असाच व्हत असल?”

“नाही हो, काका,” मॅडम म्हणाल्या. “हा फक्त रंगाचा खेळ आहे. माणूस फार लांबची गोष्ट.”

ऐकलं त्यानं. पण डोळ्यांसमोर पिवळं पाणी होतं, आणि कानांवरून गेलेलं कानांवरूनच गेलं. परत निघताना वॉचमनकडून कोयता घेतला आणि फडक्यात गुंडाळताना उगाचच त्याच्या पात्यावरून बोट फिरवलं.

चैत्रात तुळजाचा तिसरा डोस झाला आणि तिचं काही खरं राहिलं नाही. डोकं आधीच भादरल्यासारखं झालं होतं. आता तोंडभर फोड आले. पाण्याचा घोट घेतला तरी डोळ्यांतून धार लागायची. दिवसात सात-आठ वेळा उलटी, तीसुद्धा नुसत्या पित्ताची. लडकू कामावरून आला की तिला उचलून मोरीत न्यायचा. पोत्यांची सवय झालेल्या त्याच्या हातांना ती इतकी हलकी लागायची की त्याला भीती वाटायची. डॉक्टर म्हणत होते, गाठ निम्मी झालीय, चांगलं चाललंय. पण गाठ आत होती आणि हे सगळं बाहेर दिसत होतं.

“लोकांच्या बायकांना देता,” तुळजा फाटक्या आवाजात म्हणायची. “मी काय वैरीन हाय तुमची?”

“तुज्या पोटात त्यांची दवा हाय. एका पोटात दोन दवा घालायची न्हाय. माजा बापूस—”

“तुमचा बापूस माज्यासारखा वकत न्हवता.”

अशात एका दुपारी गोडावूनमध्ये कंटेनर लागला होता. लडकूच्या पाठीवर पेटी, आणि खिशातला फोन थांबेना. पेटी उतरवून त्यानं तो कानाला लावला.

“बाबा! मुंबईच्या लॅबचा रिझल्ट आला! आपल्या सालीनं कॅन्सरच्या पेशी मेल्या! शंभरातल्या ऐंशी! मॅडम म्हणतात इतका चांगला आकडा कोणाचाच नाही!”

हेमाली हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. मागं मैत्रिणींचा गलका. लडकूनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “काय मेला म्हनालीस?”

“कॅन्सरच्या पेशी, बाबा. आईला आहे ना, तसल्या. ताटलीत वाढवलेल्या होत्या. मेल्या!”

पुढंही ती काही बोलली. अजून दुसरी टेस्ट बाकी आहे, चांगल्या पेशींवरची, ती व्हायला महिना-दीड महिना लागेल, असं काहीतरी. पण मागून सुपरवायझर ‘ए लडकू, गाडी खाली कर’ म्हणून बोंबलत होता आणि लडकूला ऐकायचं ते ऐकून झालं होतं. त्या दिवशी त्यानं चौघांचं काम एकट्यानं केलं. पाठ दुखली नाही.

घरी आल्यावर तुळजाजवळ बसून त्यानं सांगितलं. तिनं छपराकडे बघितलं. मग म्हणाली, “तुमच्या पोरीनं सांगितला, आता तरी द्या.”

“दिली तं त्यांचा डोस बंद करावा लागल.”

“मंग करा बंद.”

आता याला काय म्हणावं? हमाली करून पोरीला एमएस्सी केलेला, बायकोच्या प्रत्येक उलटीपाशी उभा राहिलेला माणूस. त्यानं एकदा जरी हेमालीला विचारलं असतं! पण त्याला ती विचारायची गोष्टच वाटली नाही. एका पोटात दोन दवा नाहीत, हे तर तिला लहानपणापासून ठाऊक. साल लागू पडली असं तिनंच सांगितलं, म्हणजे डोस थांबवा असंच सांगितलं, असं त्यानं धरलं. आणि हेमालीनं? तिला तो नियम ठाऊक होता, पण आनंदाच्या भरात तो तिच्या ध्यानातच आला नाही.

चौथ्या डोसाच्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीत बसली. मुलगा कुमार ड्युटीवर निघताना म्हणाला, “फाइल घेतली ना?” तुळजानं फाइल छातीशी धरून दाखवली. दोघं अकलोलीला उतरली.

त्या दिवसासारखा दिवस त्यांच्या संसारात क्वचितच आला असेल. गरम पाण्याच्या कुंडावर गर्दी नव्हती. लडकूनं तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. पाय पाण्यात सोडल्यावर तिनं डोळे मिटले. डोक्यावरचा पदर घसरला तरी तिनं सावरला नाही. सकाळीच त्यानं तिला पहिला काढा दिला होता, पितळी वाटीत, अनशापोटी. घरून आणलेला मऊ भात आणि ताक तिनं बसल्या जागी खाल्लं आणि उलटी झाली नाही.

“लग्न झाल्यावर आनली व्हतीत हितं,” ती म्हणाली. “तवा म्हनालेलात, दरसाल आनीन.”

“आनली न्हाय.”

“आज आनलीत ना.”

दुपारी हेमालीचा फोन आला. लडकूनं नाव बघितलं आणि फोन तसाच हातात धरून बसला. दव्याच्या बाबतीतली गोष्ट होती, त्याच्यानं खोटं बोलवणार नव्हतं. तुळजानं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

“झाला गो डोस. बरी हाय. तू जेवलीस?”

पुढचे दिवस सोन्यासारखे गेले असं त्याला वाटलं. तोंडातले फोड बसले. डोक्यावर बारीक लव आली. ती लुगडं नेसून अंगणात बसायला लागली, एकदा तर कुमारला झापलंसुद्धा. लडकू रोज उजाडता उखळात साल कुटायचा, काढा उकळायचा. पाचव्या डोसाच्या दिवशी दोघं पुन्हा अकलोलीला गेली. गाठ बाहेरून हाताला लागायला लागली होती. तो म्हणाला, निघायच्या आधी दवा गाठीला वर काढते.

ज्येष्ठ लागला आणि तुळजाला अन्न नकोसं झालं. एका सकाळी वाटी तोंडाला लावताना लडकूनं तिच्या डोळ्यांत बघितलं. बुबुळाभोवतीचं पांढरं पिवळं पडलं होतं. नखंही पिवळी.

जन्मात शेकड्यांनी कावीळ बघितलेला माणूस तो. दुसऱ्या कोणाचे डोळे असते तर उंबऱ्यावरूनच ओळखलं असतं. पण त्याला काचेची नळी आठवली, करवंदी पाणी आणि पिवळं होत जाणारा रंग. पिवळा झाला म्हंजे लागू पडली. तो तुळजाला म्हणालासुद्धा, “आता जोर धरला दव्यानं.” आणि त्यानं वाटी भरून दिली.

चार दिवसांनी, सुट्टी नसताना, हेमाली अचानक घरी आली. रिक्षातून उतरली ती तापलेल्या उन्हात धावतच. हातात घडी केलेला कागद. लडकू अंगणात साल वाळत घालत होता.

“बाबा, ही साल कोणाला देतोयस का सध्या? कोणाला देऊ नको. दुसरी टेस्ट आली. चांगल्या पेशींवरची. त्याही मेल्या, तितक्याच. ती निवडत नाही बाबा, समोर येईल ते मारते. त्वचेवर लावायची गोष्ट वेगळी, पण पोटात—”

बोलता बोलता तिचं लक्ष पडवीत गेलं. तुळजा खाटेवर बसली होती. हेमाली पुढं झाली, आईचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, पापणी खाली ओढली. नंतर शेजारची पितळी वाटी उचलून तिचा वास घेतला.

“हॉस्पिटलची फाइल कुठंय?”

फाइल तिनं स्वतःच फळीवरून काढली. शेवटचा शिक्का चैत्रातला होता. ती खाली बसली ती बसलीच.

कुमार ड्युटी अर्धवट टाकून गाडी घेऊन आला. मुंबईच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरनं तुळजाला तपासलं, रिपोर्ट बघितले आणि लडकूला विचारलं, काय दिलं होतं. लडकूनं रुमाल सोडून साल टेबलावर ठेवली. डॉक्टरनं ती पेनच्या टोकानं बाजूला सरकवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो हळू आवाजात, कुमारकडे बघून बोलला. गाठ मानेत उतरलीय. डोस द्यावा तर लिव्हरला तो झेपणार नाही. घरी न्या, दुखण्याचं औषध देतो. तीन डोसांत गाठ निम्मी झाली होती, पुढचे घेतले असते तर ऑपरेशन झालं असतं. अशा कितीतरी बायका जगतात.

घरी आल्यावर कुमारनं उखळ अंगणात आणून दगडावर आपटलं, सालीची टोपली ओढ्यात फेकली. कोयत्याला हात घातला तेव्हा शेजारची आक्का मध्ये पडली. “बापूस हाय तुजा!” ती म्हणाली. “म्हनूनच तं,” कुमार म्हणाला आणि कोयता छपराच्या वाशात खोचून निघून गेला. तो त्यानंतर बापाशी बोलला नाही.

लडकूला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याला भीती वाटत होती ती हेमालीची. ती आईचं सगळं करायची, कूस बदलायची, तोंड पुसायची, पण स्वतः अन्नाला शिवत नव्हती. मॅडमचे फोन येऊन येऊन बंद झाले. परीक्षेचं नाव काढलं की उठून जायची. एकदा लडकूनं बघितलं, ती ओढ्यावर एकटीच उभी राहून कपाळ थोरल्याच्या बुंध्यावर आपटत होती. हळूहळू, एकसारखं. त्यानं तिला धरून घरी आणलं. तिचं अंग तापलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईला चमच्यानं पेज पाजत होती. लडकू उंबऱ्यावर बसला होता.

“बाबा,” ती वर न बघता म्हणाली, “खरं सांग. मी फोन केला म्हणून दिलीस ना आईला?”

लडकूनं वर बघितलं. वाशात कोयता होता. बापाच्या हातातला, आजाच्या हातातला. फडकं सुटून मूठ दिसत होती. त्यानं एकदाच त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“न्हाय,” तो म्हणाला. “तुजा फोन यायच्या आदीपासना देत व्हतो. पयला डोस झाला तवापासना.”

चमचा थांबला. “त्यांचा डोस पोटात असताना?”

“व्हय.”

“तूच सांगायचास ना, एका पोटात दोन दवा घालायच्या नाहीत?”

“सांगायचो.”

हेमालीनं आईकडे बघितलं. तुळजाचे पिवळे डोळे उघडे होते. आधी ते नवऱ्यावर गेले, मग पोरीवर आले. अर्ध्या तोंडानं, एकेक शब्द गोळा करत ती म्हणाली, “व्हय गो. आदीपासनाच. तुला सांगितला न्हाय.”

हेमालीनं वाटी खाली ठेवली. बापाकडे असं बघितलं की लडकूला वाटलं, फाटकावरच्या वॉचमननंही आपल्याकडे असं बघितलं नव्हतं. “मग कॉलेजात नळी बघायला आलास तेव्हाही देतच होतास?” एवढंच बोलून ती बाहेर गेली.

मग तुळजा म्हणाली, “हात गेला तुमचा.”

“जाऊ दे.”

तिनं आपला हात चादरीबाहेर काढला. तो त्यानं धरला.

त्या संध्याकाळी हेमाली जेवली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, मान खाली घालून, रागानं. लडकू चुलीपाशी बसून तिचे घास मोजत होता. नंतर तो मोरीत गेला आणि तोंडावर पाणी मारण्याच्या मिषानं रडला.

तुळजा आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. सकाळीच गेली, कोणाला त्रास न देता. कार्य उरकलं, पाहुणे पांगले. कुमारनं भिवंडीत खोली घेतली. हेमालीचं परीक्षेचं ठरलं. मॅडमनी प्रोजेक्टसाठी मुदत मिळवून दिली होती, आणि निकाल आहे तसा लिही, चांगल्या पेशी मेल्या तेही लिही, म्हणून सांगितलं होतं. ती लिहीतही होती. बापाशी मात्र कामापुरतं बोलायची.

ती निघाली त्या दिवशी पाऊस उघडला होता. आत ती बॅग भरत होती आणि लडकू पडवीत बसला होता. पडघ्याच्या बाजूचा एक माणूस अंगणात आला. लडकूच्याच वयाचा, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, हातात नारळ.

“सालवाले तुमीच ना? बायकोच्या पायाला क्षत पडलाय. भरतच न्हाय. लावायला साल पायजे.”

“माज्याकडं दवा न्हाय, भाऊ.”

“असा कसा? तिकडं वाटेवर झाड बघितला ना मी. शेनानं लिंपलेला.”

“झाड हाय,” लडकू म्हणाला. “माजा हात गेला.”

माणूस गोंधळला. “म्हंजे? वयामुळं?”

“न्हाय. गेला.” लडकू उठला, त्याच्याकडून नारळ घेतला नाही, उलट त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला अंगणाच्या कडेपर्यंत पोचवलं. “साखर बघून घ्या बायकोची. सरकारी दवाखाना हाय, नाक्यावरना रिक्षा मिलल. लांबवू नका, आजच न्या. आनि या म्हनतील तवा परत जावा.”

माणूस गेला. लडकू वळला तर दारात हेमाली उभी. खांद्याला बॅग, हात पट्ट्यावर तसाच थांबलेला. तिनं सगळं ऐकलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली. “काय गेला म्हणालास?”

लडकू डांबरीकडे बघायला लागला.

हात एकाच गोष्टीनं जातो, म्हातारपणानं नाही, दुसऱ्या कशानंही नाही. सात वर्षांची होती तेव्हापासून तिला ते ठाऊक होतं. कोणाला खोटं बोलला असेल हा? लोकांना हा दवा देत नव्हताच एवढ्यात. मग तिला ती दुपार आठवली, पेजेची वाटी, वाशातला कोयता, आईचे आधी बापावर जाऊन मग तिच्यावर आलेले डोळे. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

“आई पण?” ती म्हणाली. “आई पण खोटं बोलली?”

“यष्टी येल तुजी. जा.”

“म्हणजे माझ्याच फोननं.”

लडकू तिच्याजवळ गेला. तिच्या खांद्यावरची बॅग त्यानं हमालाच्या सवयीनं उचलून घेतली, पण पुढं कुठं न्यायची ते त्याला सुचेना.

“फोनात तू काय खोटा बोललीस?” तो म्हणाला. “पेशी मेल्या, मेल्या म्हनालीस. दुसरी टेस बाकी हाय ते बी म्हनालीस. आयकनारा मी, बाय. पाजनारा मी. ह्ये खरा हाय. आता मला खोटा बोलून कुनाचा काय वाचवायचा राह्यलाय?”

हेमाली उंबऱ्यावर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, आई गेली त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. लडकू बॅग मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसला. डांबरीवर एसटी येऊन थांबली, हॉर्न वाजला, आणि थोड्या वेळानं ती निघून गेल्याचा आवाज आला.